बर्फ थांबला, विमानं का उडेनात?

"अहो, बर्फ तर कालच थांबलाय. आता चांगलं ऊन पडलंय. मग ही विमानं उडत का नाहीत?"

माझ्या पत्नीनं मला हा प्रश्न विचारला तेव्हा आम्ही युरोपातल्या एका मोठ्या विमानतळावर दुसरी रात्र काढून उठलो होतो. उठलो म्हणजे खुर्चीवरचे पाय खाली घेतले, एवढंच. 2017 सालच्या डिसेंबरातली ही गोष्ट. मुलीकडे दीड महिना राहून आम्ही परत निघालो होतो. मिरजेला माझ्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं आणि मी घरातला थोरला. अडचण नको म्हणून हाताशी दोन दिवस जादा ठेवून तिकिटं काढली होती. ते दोन्ही दिवस त्या खुर्च्यांवर संपले.

समोर मोठी काच होती. काचेपलीकडची धावपट्टी काळीभोर आणि स्वच्छ दिसत होती. आभाळ निळं होतं. विमानं ओळीनं उभी होती आणि फलकावर एकेका ओळीपुढे 'रद्द', 'रद्द' असं उमटत होतं. मी 34 वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, पण पत्नीच्या त्या साध्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "यांना काम करायला नको, दुसरं काय!" आणि खरं सांगतो, मलाही ते पटलं.

घरी आल्यावर मात्र तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून वाचत गेलो. जे समजलं ते आज तुम्हाला सांगणार आहे. कारण परदेशी मुलं-नातवंडं असलेली घरं आता आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, आणि डिसेंबर-जानेवारीत "फ्लाइट कॅन्सल झाली" असा फोन त्यातल्या कोणत्याही घरात येऊ शकतो.

पहिली गोष्ट अशी, की विमानाला थंडीचं भय नाही. आपण दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जात असतो तेव्हा बाहेर उणे पन्नास अंशांच्या आसपास तापमान असतं. तिथं विमान तासन्‌तास मजेत उडतं. तिथली हवा कोरडी असते. ढगातून जाताना बर्फ धरू नये म्हणून बऱ्याच जेट विमानांत इंजिनातली गरम हवा पंखांच्या पुढच्या कडेत फिरवलेली असते. अडचण येते ती जमिनीवर, आणि तीही कडाक्याच्या थंडीत नव्हे, तर तापमान शून्य अंशाच्या आगेमागे घुटमळत असताना. उणे पंधरा अंशांतला बर्फ रव्यासारखा कोरडा असतो, झाडूनं उडतो. शून्य अंशाचा बर्फ ओला आणि जड. तो जरा वितळतो, पुन्हा गोठतो, आणि जिथं बसला तिथं चिकटतो. लंडनसारख्या शहरांत बहुधा हाच दुसरा बर्फ पडतो.

आता हा बर्फ पंखावर बसला तर काय होतं? विमानाला हवेत उचलून धरतो तो पंखाचा आकार. पुढून गोलसर, मागे निमुळता आणि वरून अगदी गुळगुळीत. हवा त्या पाठीला चिकटून वाहत गेली तरच विमान वर उचललं जातं. सुताराच्या पॉलिश पेपरइतका खरखरीत थर जरी तिथं जमला, तरी पंखाची उचलण्याची ताकद 30 टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि हवेचा विरोध 40 टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. हे आकडे वाचले तेव्हा मी चमकलो. मला वाटायचं की प्रश्न बर्फाच्या वजनाचा असेल. तो खरखरीतपणाचा आहे. म्हणून नियम सरळ आहे: पंखावर बर्फ असताना उडायचं नाही. 'थोडाच आहे, उडून जाईल' ही सबब चालत नाही.

मग पंख धुवावे लागतात. याला डी-आयसिंग म्हणतात. उंच पाळणा लावलेले ट्रक विमानाच्या दोन्ही बाजूंना येतात आणि ग्लायकॉल नावाचं रसायन पाण्यात मिसळून, गरम करून पंखांवर आणि शेपटीवर जोरानं फवारतात. हे पहिलं द्रावण पातळ, नारिंगी रंगाचं असतं. त्यानं जमलेला बर्फ निघून जातो. पण वरून बर्फ पडतच असेल तर? तेव्हा दुसरं, हिरव्या रंगाचं, काकवीसारखं दाट द्रावण पंखावर देतात. पडणारा बर्फ त्या थरात विरघळतो, पंखापर्यंत पोचत नाही. उड्डाणाच्या वेळी वेग वाढला की हा थर वाऱ्यानं आपोआप मागे ओघळून जातो.

पण हा थर किती बर्फ पिणार? त्याला मर्यादा आहे. नुसतं नारिंगी द्रावण असेल तर पडत्या बर्फात ते काही मिनिटंच टिकतं. हिरवं असेल तर अर्धा तास, कधी त्याहून जास्त. नेमकी किती मिनिटं, याचे तक्ते वैमानिकाकडे असतात. द्रावण कोणतं, तापमान किती, बर्फ बारीक की जाड, हे पाहून तो वेळ ठरवतो. या क्षणापासून विमानाचं एक घड्याळ चालू होतं. ते संपायच्या आत चाकांनी जमीन सोडली पाहिजे. नाही सोडली, तर परत फिरायचं आणि पुन्हा धुवायचं. हे पंखाचं घड्याळ लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गुंतागुंत त्याच्याभोवती आहे.

आता धावपट्टीकडे वळू. लंडनच्या हीथ्रो विमानतळाची उत्तरेकडची धावपट्टी 3900 मीटर लांब आणि 50 मीटर रुंद आहे. म्हणजे जवळपास दोन लाख चौरस मीटर. मास्तरकीची सवय, म्हणून मी गणित मांडलं. नुसता पाच सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच बर्फ पडला असं धरा. झाला दहा हजार घनमीटर. ताज्या बर्फाचं वजन घनमीटरला शंभर किलो धरलं तरी एक हजार टन. दहा टनी ट्रक म्हटले तर शंभर ट्रक भरतील. ही झाली एक धावपट्टी. तिच्याकडे जाणारे रस्ते आणि विमानं उभी राहायच्या जागा अजून मोजल्याच नाहीत.

हे काम करताना फाळ लावलेल्या गाड्या नांगरटीच्या बैलजोड्यांसारख्या एकीमागे एक, जराशा तिरक्या रांगेत धावतात. पहिलीनं ढकललेला बर्फ दुसरी आणखी कडेला नेते. मागून फिरते झाडू आणि हवेचे झोत. युरोपात रस्त्यांवर मीठ टाकतात, तसं इथं टाकता येत नाही, कारण मिठानं विमानाचा धातू गंजतो. त्यासाठी वेगळी, महागडी रसायनं असतात. शेवटी एक गाडी चाक घासत जाऊन धावपट्टी किती निसरडी आहे ते मोजते. हे सगळं एकदा करायला सरावलेल्या माणसांनाही पाव तास ते अर्धा तास लागतो. आणि बर्फ पडत असेल, तर तासा-दोन तासांनी पुन्हा पहिल्यापासून.

एवढं घासूनपुसून का? कारण धावपट्टीवरच्या बर्फानं काय होतं ते जगानं किंमत मोजून शिकलं आहे. 6 फेब्रुवारी 1958 रोजी म्युनिकच्या विमानतळावर इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाला घेऊन निघालेलं विमान उड्डाणाच्या प्रयत्नात कोसळलं. 44 जणांपैकी 23 दगावले, त्यात आठ खेळाडू होते. धावपट्टीच्या शेवटच्या भागात अर्धवट वितळलेल्या बर्फाचा चिखल होता. बर्फाचा गोळा खाऊन झाल्यावर पेल्याच्या तळाशी उरतो ना, तसा. त्यात चाकं रुतली. ताशी सुमारे 217 किलोमीटरपर्यंत पोचलेला वेग 194 पर्यंत खाली आला. उडायला वेग पुरेना आणि थांबायला जागा उरली नव्हती. जर्मन चौकशीनं ठपका ठेवला तो पंखावरच्या बर्फावर, आणि पर्यायानं कॅप्टन जेम्स थेन यांच्यावर. त्यांनी दहा वर्षं झगडून आपली बाजू मांडली. दरम्यान प्रयोगांनी दाखवून दिलं की असा चिखल विमानाला किती जबरदस्त मागे ओढतो. 1969 मध्ये ब्रिटिश चौकशीनं त्यांना दोषमुक्त केलं. आज असा चिखल साधारण 13 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर बहुतेक जेट विमानांना उड्डाणच करता येत नाही. आपल्या करंगळीच्या रुंदीएवढा हा थर! विमानतळ बंद करायला तेवढाही पुरतो.

आता ही दोन्ही कामं एकत्र मांडा. विमान धुतलं, त्याचं घड्याळ चालू झालं. ते रांगेत लागलं. तेवढ्यात धावपट्टी निसरडी झाली म्हणून अर्ध्या तासासाठी झाडायला बंद केली. रांगेतल्या दहा-बारा विमानांची घड्याळं तिथंच उभ्या उभ्या संपली. ती सगळी मागे फिरून पुन्हा धुवायच्या रांगेत. तिथं आधीच नव्या विमानांची गर्दी. तोवर धावपट्टी उघडली, पण उडायला तयार असं विमान हाताशी नाही! धावपट्टी रिकामी आणि विमानं खोळंबलेली, असं विचित्र दृश्य दिसतं. काचेमागचा प्रवासी तेच बघतो आणि म्हणतो, यांना काम करायला नको.

धुण्याचाच हिशोब बघा. एका विमानाला पंधरा मिनिटं धरली, तर ट्रकांची एक जोडी तासाला चार विमानं धुणार. तासाला चाळीस विमानं सोडायची असतील तर दहा जोड्या एकाच वेळी हव्यात, दहाही जागी माणसं हवीत आणि द्रावण संपता कामा नये. 2010 च्या डिसेंबरात पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर हे ग्लायकॉलच अपुरं पडलं आणि ऐन नाताळच्या तोंडावर निम्म्या विमानफेऱ्या कमी करायला सांगावं लागलं.

तुम्ही म्हणाल, थोडा उशीर होईल, पण रद्द कशाला करायची? इथं 'गजबजलेला' या शब्दाचा अर्थ कळतो. आपल्या मुंबईकरांना तो समजावून सांगायला नको. सकाळी साडेआठला दादरला एक लोकल पाच मिनिटं अडकली, तर पाच मिनिटांचं नुकसान होत नाही. मागच्या सगळ्या गाड्या अडकतात, फलाट तुंबतात, आणि शेवटी चार गाड्या रद्द केल्यावरच वेळापत्रक जागेवर येतं. हीच लोकल दुपारी तीनला अडकली, तर कोणाला कळतही नाही. पाच मिनिटं तीच. फरक असतो तो मधल्या मोकळ्या जागेचा.

हीथ्रोला दोनच धावपट्ट्या आहेत आणि वर्षाला 4 लाख 80 हजार उड्डाणं-उतरणं एवढी मर्यादा. ती जवळजवळ पूर्ण वापरली जाते. दिवसाला सुमारे तेराशे. गर्दीच्या वेळी दर पाऊण मिनिटाला एक विमान उतरतं किंवा उडतं. एक धावपट्टी अर्धा तास बंद राहिली, तर वीसेक विमानांची जागा गेली. ती वीस विमानं पुढच्या तासात कुठे घालायची? पुढच्या तासाची जागा आधीच विकली गेलेली आहे. शिवाय निसरड्या धावपट्टीवर थांबायला आणि बाहेर पडायला विमानाला जास्त वेळ लागतो, म्हणून दोन विमानांत अंतरही जास्त ठेवावं लागतं. म्हणजे मागची थकबाकी फेडायची त्याच वेळी मिळकत घटलेली. हा उशीर मध्यरात्रीपर्यंत वाढतच जातो.

याचं मोठं उदाहरण म्हणजे 18 डिसेंबर 2010. नाताळच्या आधीचा शनिवार. हीथ्रोवर काही तासांत काही इंच बर्फ पडला आणि विमानतळ बंद झाला. त्या रात्री साडेनऊ हजारांहून अधिक प्रवासी विमानतळावरच झोपले. दुसऱ्या दिवशी येणारं विमान घेतलं नाही आणि मोजकीच बाहेर सोडली. पुढच्या पाच दिवसांत सुमारे चार हजार फेऱ्या रद्द झाल्या. धावपट्टी साफ करणं त्यातल्या त्यात सोपं होतं, खरं अडलं ते विमानं उभी राहतात तिथं, म्हणजे स्टँडवर. विमानं उडाली नाहीत, म्हणून जवळजवळ प्रत्येक स्टँडवर विमान उभं होतं. त्यांच्या खाली, चाकांभोवती आणि मधल्या फटींत पडलेला बर्फ रात्रीतून दगडासारखा गोठला. तिथं फाळाची मोठी गाडी घुसू शकत नाही. एखादा धक्का लागला तर विमान निकामी व्हायचं. मग तो बर्फ छोट्या यंत्रांनी, फावड्यांनी, माणसांनी काढायचा. एकेका स्टँडवरून सुमारे तीस टन बर्फ काढावा लागला, असं विमानतळाच्या चालकांनी सांगितलं. आपल्या अंगणात उभ्या गाडीखालची जागा झाडायची तर काय करतो? आधी गाडी हलवतो. इथं गाडी हलवायलाच आधी बर्फ काढायला हवा होता.

आणि जोवर ही विमानं हलत नाहीत तोवर येणाऱ्या विमानांना उभं राहायला जागा नाही. म्हणून धावपट्टी साफ असूनही ती उतरवून घेता येत नाहीत. माझ्या पत्नीच्या प्रश्नाचं हे पहिलं उत्तर. आपण काचेतून बघत होतो ती धावपट्टी. कोंडी होती ती आपल्या पायाखालच्या बाजूला, जिथं आपली नजर जात नव्हती.

दुसरं उत्तर आणखी लांबचं आहे. जवळच्या अंतराचं एक विमान दिवसात चार-पाच फेऱ्या करतं. सकाळी लंडनहून रोमला, तिथून परत, मग बर्लिनला. पहिली फेरी रद्द झाली की पुढच्या शहरांतले प्रवासीही बसून राहतात. तिथं कदाचित लख्ख ऊन असेल. मधल्यामध्ये भलत्याच गावी उतरवलेली विमानं असतात. वैमानिक आणि सेविकांच्या कामाच्या तासांना कायद्यानं मर्यादा असते. आठ तास रांगेत घालवलेल्या वैमानिकाला नंतर उडता येत नाही, त्याला विश्रांती द्यावी लागते. त्याच्या जागी येणारा दुसऱ्याच देशात अडकलेला असतो. विमान एका गावी, वैमानिक दुसऱ्या, प्रवासी तिसऱ्या. तिघांची गाठ घालायला दिवस जातात. बर्फ एका दुपारचा, निस्तरणं आठवड्याचं.

2010 च्या या गोंधळाची प्रोफेसर डेव्हिड बेग यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. मार्च 2011 मध्ये अहवाल आला. तयारी कमी पडली, निरोप नीट पोचले नाहीत, असे दोष त्यात स्पष्ट मांडले गेले. त्यानंतर बर्फ काढण्याच्या गाड्या आणि माणसं वाढवण्यासाठी पाच कोटी पौंडांची योजना जाहीर झाली. पण त्याहून महत्त्वाचा बदल पुढच्याच हिवाळ्यात दिसला. 2012 च्या फेब्रुवारीत बर्फाचा अंदाज येताच, एक कणही पडायच्या आधी हीथ्रोनं फेऱ्या कमी करायचं जाहीर केलं. 5 फेब्रुवारीच्या रविवारी जवळपास निम्म्या फेऱ्या रद्द होत्या. लोक चिडले. पण त्यामागचा विचार दादरच्या लोकलसारखाच आहे. सगळ्याच गाड्या सोडून सगळ्याच अडकवण्यापेक्षा निम्म्या आधीच काढल्या, तर उरलेल्या निम्म्या पोचतात. आणि ज्यांची रद्द झाली त्यांना घरीच कळतं, त्यांना खुर्चीवर रात्र काढावी लागत नाही.

मग हेलसिंकीला कसं जमतं, हा नेहमीचा प्रश्न. फिनलंडच्या त्या विमानतळावर महिनोन्‌महिने बर्फ असतो, तरी कामकाज क्वचितच थांबतं. तिथली माणसं आणि यंत्रं सरावलेली आहेत, हे खरंच. पण तिथं धावपट्ट्या तीन आहेत आणि विमानं हीथ्रोपेक्षा पुष्कळ कमी. एक झाडायला घेतली तरी दोन चालू राहतात. मोकळी जागा आहे, म्हणून झाडायला वेळ आहे. लंडनला वर्षातून जेमतेम काही दिवस बर्फ पडतो. तेवढ्यासाठी हेलसिंकीइतका फौजफाटा बारा महिने पोसायचा का, हा पैशाचा प्रश्न आहे. तो खर्च शेवटी तिकिटातच येणार.

आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून आपण सुटलो असंही नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिच्यावर दिवसाला नऊशेहून अधिक विमानांची ये-जा. 1 जुलै 2019 च्या रात्री भर पावसात एक विमान उतरताना मुख्य धावपट्टीच्या पुढे जाऊन रुतलं. प्रवासी सुखरूप होते. पण मुख्य धावपट्टी जवळपास चार दिवस बंद राहिली आणि शेकडो फेऱ्या कोलमडल्या. कारण पावसाचं, पण दुखणं तेच. काठोकाठ भरलेल्या भांड्याला धक्का कशाचा लागला, याला फारसा अर्थ नसतो.

आता पुन्हा आमच्या गोष्टीकडे येतो. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला विमानात बसवलं. ट्रक आले, पंख धुतले, हिरवा थर चढला. विमान रांगेत लागलं. तेवढ्यात पुन्हा बर्फ भुरभुरू लागला. धावपट्टी झाडायला बंद केली. आम्ही उभे. बराच वेळ गेला. मग वैमानिकाचा आवाज आला: "आपली वेळ उलटून गेली आहे. आपण पंख धुवायला परत जात आहोत." विमानभर एकच सुस्कारा निघाला. माझाही त्यात होता. काचेतून पंख तर चांगला हिरवा, ओला दिसत होता. पाच-दहा मिनिटांनी असं काय बिघडणार होतं?

काय बिघडतं ते नंतर वाचलं. 13 जानेवारी 1982. वॉशिंग्टन शहर, असाच बर्फ. विमानतळ झाडण्यासाठी बंद करून दुपारी पुन्हा उघडला होता. एअर फ्लोरिडाचं बोइंग 737 विमान धुऊन झाल्यावर रांगेत थांबलं. पंख धुतल्यापासून उड्डाणापर्यंत 49 मिनिटं गेली. बर्फ पडतच होता. इंजिनाला बर्फापासून वाचवणारी यंत्रणा चालू केलेली नव्हती, त्यामुळे इंजिनाचा जोर दाखवणारा काटाही फसवत होता. आधीच खूप उशीर झालेला. परत फिरायचं म्हणजे पुन्हा रांगेच्या शेवटी. ते फिरले नाहीत. विमान जेमतेम उचललं गेलं, जवळच्या पुलावरच्या गाड्यांना धडकलं आणि पोटोमॅक नदीच्या गोठलेल्या पाण्यात पडलं. विमानातले 74 आणि पुलावरचे चार, असे 78 जण गेले. विमानातले फक्त पाच जण वाचले.

ही 49 मिनिटं वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. आमच्या वैमानिकानं जी मिनिटं आमच्याकडून घेतली, म्हणून मी सुस्कारा टाकला होता, ती ही मिनिटं होती. विमानतळ पैसा खर्च करून गाड्या वाढवू शकतो, माणसं वाढवू शकतो, वेळापत्रकात थोडी ढील ठेवू शकतो, आणि हे त्यानं करायलाच हवं. अडकलेल्यांना खरी माहिती, पाणी, पांघरूण मिळालंच पाहिजे. त्याबद्दल जरूर भांडा. पण पंखाच्या घड्याळातून मिनिटं उसनी घेता येत नाहीत. तिथं भांडू नका.

वर्षश्राद्ध माझ्या धाकट्या भावानं केलं. मी दुसऱ्या दिवशी रात्री मिरजेला पोचलो. थोरला असून पोचलो नाही, ही रुखरुख आजही आहे. ती बोलून दाखवली तेव्हा भाऊ म्हणाला, "दादा, बाबा काय म्हणायचे आठवतं का?"

आमचे वडील रेल्वेत गार्ड होते. गाडी लेट झाली की फलाटावरचे लोक त्यांच्यावर तोंडसुख घ्यायचे. घरी येऊन डबा घासायला टाकत ते शांतपणे म्हणायचे, "लेट आलो म्हणून शिव्या दिल्या. आलो म्हणूनच दिल्या ना?"

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)